दार उघडलं, शटर पडलं का? एक्सआरडीच्या खोलीतून आलेले प्रश्न

संशोधन प्रयोगशाळांतल्या एक्स-रे यंत्रांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. बहुतेक पत्रं एक्सआरडीची, म्हणजे पावडर किंवा स्फटिकाची रचना तपासणाऱ्या यंत्राची आहेत. काही हातात धरायच्या एक्सआरएफची, म्हणजे वस्तूत कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणाऱ्या यंत्राची आहेत. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : मी रोज चार-पाच तास एक्सआरडीच्या शेजारच्या टेबलावर बसून डेटा घेते. घरचे म्हणतात केस गळतील, पुढे मूल होण्यात अडचण येईल. यंत्र बंद केल्यावरही किरणं खोलीत राहतात का? (एम.एस्सी. विद्यार्थिनी, कोल्हापूर)

नाही, राहत नाहीत. ट्यूबचा हाय व्होल्टेज गेला की त्याच क्षणी किरणं थांबतात. हवेत, भिंतीत किंवा तुमच्या नमुन्यात काहीही उरत नाही. किरणोत्सारी पदार्थ आणि एक्स-रे ट्यूब यांच्यातला हा मूलभूत फरक आहे. पदार्थाला स्विच नसतो, ट्यूबला असतो.

फक्त 'बंद' हा शब्द प्रयोगशाळेत सैलपणे वापरला जातो, तिथे सावध राहा. एक्सआरडीच्या तीन अवस्था असतात. पहिली, हाय व्होल्टेज बंद : किरणं नाहीतच. दुसरी, हाय व्होल्टेज चालू पण शटर बंद : ट्यूबमध्ये किरणं पूर्ण जोरात तयार होताहेत, फक्त धातूच्या एका पट्टीने अडवली आहेत. तिसरी, शटर उघडं : झोत नमुन्यावर पडतोय. ट्यूब वारंवार चालू-बंद केली की फिलामेंटचं आयुष्य घटतं. म्हणून बहुतेक विभागांत यंत्र दिवसभर दुसऱ्या अवस्थेत ठेवलेलं असतं. नमुना बदलताना तुम्ही दार उघडता, तेव्हा सहसा तीच अवस्था असते. दिवा काय दाखवतोय ते वाचायला शिका. 'एक्स-रे ऑन' आणि 'शटर ओपन' हे दोन वेगळे दिवे आहेत.

आता तुमच्या टेबलाचं. सर्वसामान्य माणसासाठी, नैसर्गिक आणि वैद्यकीय प्रारण वगळून, वर्षाची मर्यादा 1 मिलिसिव्हर्ट (शरीराला बसणाऱ्या डोसचं एकक) आहे. वर्षाचे कामाचे तास 2000 धरले तर ती तासाला 0.5 मायक्रोसिव्हर्टवर येते. दारं नीट बसलेल्या बंद कॅबिनेटच्या यंत्राबाहेर मीटर धरला, तर नैसर्गिक पार्श्वभूमीच दिसायला हवी, म्हणजे बहुतेक ठिकाणी तासाला 0.1 ते 0.2 मायक्रोसिव्हर्ट. त्याहून स्पष्टपणे जास्त काही दिसलं तर ते गळतीचं लक्षण आहे. मग 'मर्यादेत आहे ना' म्हणून सोडून द्यायचं नाही, गळती कुठून आहे ते शोधायचं. तुमच्या यंत्राचा शेवटचा सर्व्हे, म्हणजे मीटरने केलेली गळतीची तपासणी, कधी झाला, हे लॅब इन्चार्जना विचारा. तो अहवाल पाहायचा तुम्हाला हक्क आहे.

केस गळायला डोक्याला एका वेळी सुमारे 3 ग्रे (शरीरात जिरलेल्या प्रारणाचं एकक) इतका डोस लागतो. तुमच्या टेबलावर तो मिळत नाही.

प्रश्न : आमच्या एक्सआरडीच्या दाराचा स्विच दगा देतो. स्कॅन मध्येच थांबतं. इंजिनिअर दोन आठवड्यांनी येणार. एका विद्यार्थ्याने स्विचवर लोहचुंबक चिकटपट्टीने बसवून काम चालू ठेवलं आहे. दार बंदच ठेवलं तर यात धोका काय? (प्रयोगशाळा तंत्रज्ञ, नागपूर)

चुंबक आजच काढा आणि तोवर यंत्र बंद ठेवा. ही परवानगी कोणालाच नाही, विभागप्रमुखांनाही नाही.

दार बंद असताना इंटरलॉकला, म्हणजे दार उघडताच किरणं अडवणाऱ्या या स्विचच्या यंत्रणेला, काही कामच नसतं. तो आहे तो अशा क्षणासाठी, जेव्हा कोणी तरी घाईत, स्कॅन संपलं असं समजून, दार उघडतो. चुंबक लावलेल्या यंत्रात तेव्हा शटर उघडंच राहतं आणि हात सरळ नमुन्याकडे जातो. चुंबक कोणी लावला हे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलीला माहीत नसतं.

त्या झोताची ताकद समजून घ्या. तांब्याच्या टार्गेटची (इलेक्ट्रॉन ज्यावर आदळतात तो धातू) ट्यूब 40 किलोव्होल्ट, 40 मिलिअँपिअरवर चालते, म्हणजे 1600 वॅट. त्यातली जवळपास 99 टक्के ऊर्जा उष्णता होऊन पाण्यात जाते. उरलेल्या एका टक्क्यातलाही छोटासा भाग बेरिलियमच्या पातळ खिडकीतून बाहेर येतो. पण ट्यूबच्या खिडकीशी बोट धरलं तर त्वचेला सेकंदाला कित्येक ग्रे बसू शकतात, आणि त्वचा लाल पडायला साधारण 2 ग्रेपासून सुरुवात होते. तांब्याचे मुख्य किरण 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात. मांसात दर 0.7 मिलिमीटरला ते निम्मे होतात. म्हणून सगळा मार त्वचेवर आणि तिच्या लगेच खालच्या थरांवर बसतो. त्या क्षणी चटका लागत नाही, काहीच जाणवत नाही. झोत कौलाच्या फटीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीसारखा अरुंद असतो. छातीवरचा डोस मोजणारा बॅज कोरा राहतो आणि बोट जळतं.

आता दुरुस्तीकडे. स्विच स्वतः क्वचितच बिघडतो. बहुतेक वेळा दाराच्या बिजागऱ्या सैल होऊन दार एक-दोन मिलिमीटर खाली येतं आणि दाराची जीभ स्विचवर पुरती बसत नाही. दार आपटायची सवय असेल तर हे हमखास होतं. सरकत्या दारात खालच्या खाचेत सांडलेली पावडर साचते. यंत्राचा मेन प्लग काढून बिजागऱ्यांचे स्क्रू आवळणं, खाच ब्रशने साफ करणं, हे तुम्ही करू शकता. वायरिंगला, रिलेला किंवा स्विचच्या जोडणीला मात्र हात लावू नका. बहुतेक यंत्रांत प्रत्येक दारावर दोन स्वतंत्र सर्किट असतात आणि दोघांची स्थिती जुळली नाही तर यंत्र बंद पडतं. तुम्हाला दिसणारा 'दगा' हाच असावा. एक सर्किट बरोबर सांगतंय, दुसरं अडतंय. म्हणजे सुरक्षायंत्रणा तिचं काम करतेय.

इंटरलॉक महिन्यातून एकदा तपासा. यंत्र सर्वांत कमी पॉवरवर आणा, अनेक यंत्रांत ती 20 किलोव्होल्ट, 5 मिलिअँपिअरच्या आसपास असते. शटर बंद ठेवून दार उघडा आणि मग शटर उघडायची आज्ञा द्या. यंत्राने नकार दिला पाहिजे. नंतर दार बंद करून शटर उघडा, डिटेक्टरवर काउंट (मोजलेल्या किरणांचा आकडा) येऊ द्या, आणि दार एक-दोन सेंटिमीटर सरकवा. हात आत घालायचा नाही. शटर पडलं पाहिजे किंवा हाय व्होल्टेज ट्रिप झाला पाहिजे, आणि काउंट शून्याकडे गेले पाहिजेत. दिव्यावर विसंबू नका, काउंट हा पुरावा. काही यंत्रांत शटर उघडं असताना दार कुलूपबंदच राहतं, तिथे ते कुलूप सुटत नाही ना ते पाहा. प्रत्येक दार आणि काढता येणारं प्रत्येक पॅनेल वेगळं तपासायचं. शेवटी इमर्जन्सी बटण दाबून पाहा. वहीत तारीख, पॉवर, दार क्रमांक, निकाल आणि सही. 'ठीक' एवढाच शेरा लिहिलेली वही निरुपयोगी असते.

आमचं निरीक्षण असं, की चुंबक, चिकटपट्टी, काडेपेटीची काडी हे प्रकार बेफिकीर लोक करत नाहीत. ज्यांचा प्रबंध अडलाय ते करतात. म्हणून देखभालीच्या करारात 'सुरक्षा सर्किटची तक्रार इतक्या तासांत' ही ओळ खरेदीच्या वेळीच घालून घ्या.

प्रश्न : अलाइनमेंट (झोत, नमुना आणि डिटेक्टर एका रेषेत आणणं) करताना झोत चालू ठेवावाच लागतो. मग तेव्हा काय करायचं? आमच्याकडे किरणांचं चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांचं, भोवती कॅबिनेट नसलेलं जुनं उघडं यंत्रही आहे. (सहायक प्राध्यापक, मुंबई)

सगळ्यात जास्त इजा होण्याची वेळ हीच. रोजच्या स्कॅनमध्ये हात आणि झोत एकत्र येत नाहीत. अलाइनमेंट आणि दुरुस्तीत येतात.

नव्या यंत्रात दार बंद ठेवून मोटारींनीच अलाइनमेंट होते, तीच वापरा. झोताच्या वाटेत 0.1 मिलिमीटर तांब्याची पट्टी घातली की तांब्याचे मुख्य किरण जवळपास शंभरपट कमी होतात. 0.2 मिलिमीटरने दहा हजारपट. डिटेक्टरही वाचतो. स्लिट (झोत अरुंद करणारी फट) किंवा नमुन्याची उंची हाताने बदलायची असेल तर क्रम एकच : शटर बंद, दार उघडं, बदल, दार बंद, शटर उघडं, वाचन. दर बदलाला हा फेरा कंटाळवाणा वाटतो, तरी एका अलाइनमेंटला त्याने पंधरा-वीस मिनिटंच जास्त लागतात.

उघड्या यंत्रासाठी नियम कडक हवेत. ट्यूबला सहसा चार खिडक्या असतात. कॅमेरा एकीवर असेल तर उरलेल्या तीन नुसत्या शटरने नाही, स्क्रूने बसवलेल्या धातूच्या झाकणाने बंद करा. कॅमेरा काढला की शटर उघडताच येऊ नये, अशी यांत्रिक अडवणूक जुन्या यंत्रांतही असते. ती कोणी काढून टाकली आहे का ते बघा. बीमस्टॉप (झोत शेवटी अडवणारा तुकडा) जागेवर आहे याची खात्री शटर उघडण्याआधी करायची, नंतर नाही. झोत पाहायला फ्लुरोसंट पडदा लांब दांडीवर लावा. पडदा हातात धरून डोळा झोताच्या रेषेत आणायची जुनी पद्धत होती, ती मोडीत काढा. पॉवर 20 किलोव्होल्ट, 5 मिलिअँपिअर पुरते. खोलीतले दिवे मंद केले की पडदा तेवढ्यावरही चमकतो. एकट्याने करू नका, पण दुसऱ्याने झोताजवळ उभं राहायचं नाही. त्याने हाय व्होल्टेजच्या बटणाशी बसायचं.

आणि शक्य असेल तर त्या यंत्राभोवती शिशाच्या काचेचा कॅबिनेट करून घ्या. साधं अॅक्रिलिक नको. त्याची गंमत अशी, की 1 सेंटिमीटर साधं अॅक्रिलिक 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण दोन हजारपट अडवतं. मीटरवर सगळं छान दिसतं. पण त्याच ट्यूबमधून 40 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतच्या ऊर्जेचे कडक (जास्त भेदक) किरणही निघतात आणि 40 च्या ऊर्जेला त्याच पत्र्यातून तीन चतुर्थांश पार होतात. 1 मिलिमीटर शिसं दोन्हींना पुरतं.

प्रश्न : तीन-तीन महिन्यांनी टीएलडी बॅजचा (डोस मोजणाऱ्या बॅजचा) निकाल येतो, कायम शून्य. मग घालून उपयोग काय? (पीएच.डी. विद्यार्थी, पुणे)

शून्य हा चांगला निकाल आहे, पण त्याचा अर्थ मर्यादित आहे. आपल्याकडच्या बॅजमध्ये डिस्प्रोशियम घातलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात. एकीवर तांबं-अॅल्युमिनियमचा फिल्टर, एकीवर प्लास्टिकचा, तिसरी उघडी. तिन्हींच्या वाचनांच्या गुणोत्तरावरून किरण मऊ होते की कडक, ते कळतं. एक्सआरडीच्या किरणांची खूण उघड्या चकतीवर आधी दिसते. म्हणून बॅज कोटाच्या खिशात पेनांमागे लपवू नका, छातीवर बाहेर लावा. उलटा लावलेला बॅज चुकीचं सांगतो.

तो काय सांगत नाही, तेही लक्षात असू द्या. अरुंद झोत बोटावर पडला तर छातीवरच्या बॅजला पत्ताच लागत नाही. अलाइनमेंट करणाऱ्यांनी बोटात रिंग बॅज घालावा, आतल्या बाजूने, चकती झोताकडे. हातमोजा असेल तर त्याच्या आत.

कामगारांसाठीची मर्यादा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, एका वर्षात 30 हून जास्त नाही. हातापायांसाठी 500. एक्सआरडीवर काम करणाऱ्याचा निकाल शून्याच्या आसपासच हवा. एकदम 2 मिलिसिव्हर्ट आले तर ते मर्यादेत आहेत म्हणून फाइल करू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं : बॅज यंत्राजवळच्या खुंटीवर टांगून ठेवला, रुग्णालयात स्वतःचा एक्स-रे काढताना अंगावर राहिला, किंवा विमानतळावर सामानाच्या यंत्रातून गेला. पण ते शोधून लिहून ठेवायचं. बॅज ठेवायची जागा यंत्राच्या खोलीबाहेर, आणि कंट्रोल बॅजही (तुलनेसाठी ठेवलेला, कोणी न घालायचा) तिथेच.

प्रश्न : सर्व्हे मीटर कोणता घ्यावा? आमच्याकडचा एक्सआरडीजवळ काहीच दाखवत नाही. (विभागप्रमुख, सोलापूर)

तो 'काहीच नाही' दाखवतो, कारण बहुधा त्याला दिसतच नाही. धातूच्या भिंतीची जीएम (गायगर-म्युलर) नळी असलेले मीटर सीझियम-137 सारख्या कडक गॅमासाठी असतात. 8 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टचे किरण नळीच्या भिंतीतच जिरतात. तुम्हाला पॅनकेक पद्धतीची, अभ्रकाची पातळ खिडकी असलेली जीएम नळी हवी. खिडकी चौरस सेंटिमीटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास. ती गळती शोधायला उत्तम, पण डोसचा आकडा ढोबळ देते. आकड्यासाठी पातळ खिडकीचा आयन चेंबर लागतो.

दोन सापळे आहेत. गळतीचा झोत 2 मिलिमीटर रुंद आणि नळी 45 मिलिमीटर, म्हणजे मीटर संपूर्ण खिडकीवरची सरासरी काढून आकडा शेकडो पटींनी कमी दाखवतो. म्हणून अरुंद गळतीचा आकडा मर्यादेशी ताडून बघू नका, गळती दिसली की यंत्र बंद. दुसरा सापळा याहून वाईट : तीव्र झोतात जीएम नळी गुदमरते आणि काटा शून्यावर येतो. काटा वाढत वाढत एकदम पडला तर मागे व्हा.

सर्व्हे करताना यंत्र नेहमीच्या पूर्ण पॉवरवर, शटर उघडं, आणि नमुन्याच्या जागी प्लास्टिकचा ठोकळा ठेवा, कारण हलके पदार्थ जास्त विखुरतात. मीटरचा आवाज चालू ठेवा. दारांच्या कडा, काचेची चौकट, केबलची भोकं, ट्यूबच्या कवचाचा जोड, सगळीकडून पृष्ठभागापासून 5 सेंटिमीटरवर, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर या गतीने. मग शटर बंद करून ट्यूबभोवती पुन्हा एकदा. ट्यूब बदलली, यंत्र हलवलं, पॅनेल उघडलं, की सर्व्हे पुन्हा.

प्रश्न : जून लागला की आमचं यंत्र सतत ट्रिप होतं. चिलर (ट्यूबचं पाणी थंड करणारं यंत्र) 18 अंशांवर ठेवला आहे, म्हणजे थंड करण्यात कसर नाही. (प्रयोगशाळा सहायक, रत्नागिरी)

कसर नाही, अतिरेक आहे. हवा 27 अंश आणि दमटपणा 75 टक्के असेल तर दवबिंदू 22 च्या आसपास येतो. ठोकताळा सोपा आहे : 100 मधून दमटपणा वजा करा, पाचने भागा, आलेला आकडा तापमानातून वजा करा. 18 अंशांचं पाणी वाहणाऱ्या ट्यूबवर मग घाम सुटणारच. ते थेंब हाय व्होल्टेज केबलच्या टोकाशी गेले की ठिणगी पडते. तिथे एकदा काजळीची रेघ उमटली की केबल बदलावी लागते. बेरिलियमच्या खिडकीवर थेंब राहिले तर ती गंजते, खड्डे पडतात आणि निर्वात जातो. ट्यूबची किंमत लाखांत असते.

पाणी दवबिंदूच्या दोन अंश तरी वर ठेवा, उत्पादकाने दिलेल्या कमाल मर्यादेच्या आत. कोकणात पावसाळ्यात ते सहसा 24 च्या आसपास येतं. रात्री एसी बंद आणि चिलर चालू, ही सर्वांत घातक जोडी. दोन्ही एकत्र चालू, एकत्र बंद. भिंतीवर दमटपणा मोजणारा छोटा मीटर लावा.

ट्रिप पाण्याच्या प्रवाहाचा असेल तर प्रकरण वेगळं. ट्यूबला मिनिटाला साडेतीन-चार लिटर पाणी लागतं. गाळणी शेवाळाने भरली की प्रवाह घटतो आणि फ्लो स्विच यंत्र बंद करतो. या स्विचलाही वायरचा तुकडा जोडून 'गप्प' केलेलं आम्ही पाहिलं आहे. पाणी थांबलं तर 1600 वॅट जाणार कुठे? काही सेकंदांत टार्गेट वितळतं. गाळणी दर तीन महिन्यांनी साफ करा, पाणी पुस्तिकेत सांगितलंय तेच भरा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ट्यूब एकदम 40-40 वर नेऊ नका. यंत्राचा ट्यूब कंडिशनिंगचा प्रोग्राम चालवा. हाताने चढवायची असेल तर आधी किलोव्होल्ट, मग मिलिअँपिअर, टप्प्याटप्प्याने. उतरवताना उलट.

प्रश्न : नाणी तपासायला हातातलं एक्सआरएफ घेतलं आहे. आकार ड्रिलमशीनएवढा आहे, मग एवढी काळजी लागते का? (पुरातत्त्वाचे अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर)

लागते. पॉवर चारेक वॅटच असली तरी व्होल्टेज 40-50 किलोव्होल्ट आहे आणि भोवती कॅबिनेट नाही. नाणं तळहातावर ठेवून वरून यंत्र टेकवणं हा सर्वात नेहमीचा आणि सर्वात वाईट प्रकार. दोनेक मिलिमीटर जाडीची तांब्याची शिवराई झोत बऱ्यापैकी अडवते, पण यंत्राच्या नाकाचं तोंड नाण्याच्या कडेबाहेर सरकलं की झोत थेट तळहातात. मोती, लाकूड, कागद, रंगलेप यांतून तर तो सरळ आरपार जातो. मांडीवर किंवा पातळ टेबलावर ठेवून मोजू नका, टेबलाखाली तुमचे पाय असतात.

स्टँड आणि झाकण असलेला बंद बॉक्स यंत्रासोबतच मागवा आणि नाण्यांचं काम त्यातच करा. बाहेर मूर्तीवर वगैरे मोजताना झोताच्या दिशेने कोणी उभं नको, नाक वस्तूला पूर्ण टेकलेलं हवं, दुसरा हात वस्तूच्या मागे नको. ट्रिगर दाबून ठेवल्याशिवाय चालू राहू नये, ही सेटिंग बदलू नका. पासवर्ड यंत्राच्या पेटीवर चिकटवून ठेवू नका.

प्रश्न : गरोदर विद्यार्थिनीने एक्सआरडीचं काम थांबवावं का?

बंद कॅबिनेटच्या, सर्व्हे झालेल्या यंत्रावर नमुने लावणं थांबवायची गरज नाही. तिने गरोदरपण विभागाला लेखी कळवलं की उरलेल्या काळात गर्भाला 1 मिलिसिव्हर्टहून जास्त डोस बसू न देण्याची जबाबदारी संस्थेची. अलाइनमेंट, उघडं यंत्र आणि दुरुस्ती यांपासून तिला दूर ठेवा. तिचा प्रकल्प मात्र काढून घेऊ नका.

प्रश्न : शटर उघडं असताना हात आत गेला असावा अशी शंका आहे. काहीच दिसत नाही, दुखत नाही. काय करावं? (नाव देऊ नये ही विनंती)

हाय व्होल्टेज बंद करा आणि यंत्राला हात लावू नका. किलोव्होल्ट, मिलिअँपिअर, स्लिट, हात कुठे होता, किती सेकंद, हे लगेच लिहा. दुसऱ्या दिवशी आठवण बदलते. रेडिएशन सेफ्टी ऑफिसरला किंवा यंत्राच्या जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी कळवा. बॅज तातडीच्या वाचनासाठी पाठवा, पण त्याच्या शून्यावर विसंबू नका. दोन्ही हातांचे फोटो रोज, एकाच उजेडात काढा.

काही तासांत हलकी लाली येऊन जाऊ शकते. ती गेली म्हणजे संपलं असं नाही. खरी लाली साधारण दहा दिवसांनी येते, डोस 15-20 ग्रेच्या पुढे असेल तर महिन्याभरात त्वचा ओली होऊन सुटते. त्वचारोगतज्ज्ञाला 'एक्स-रे झोत लागला असावा' हे स्पष्ट सांगा, नाही तर रसायनाची अॅलर्जी समजून मलम मिळेल. त्या जागेला शेक, उन्ह, घासणं टाळा. आणि सांगायला घाबरू नका. लपवलं तर चुंबक तिथेच राहतो आणि पुढचा हात दुसऱ्याचा असतो.

प्रश्न : 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेच्या मुलांना एक्सआरडी दाखवता येईल का?

जरूर. दार बंद, स्कॅन चालू, किल्ली ऑपरेटरच्या खिशात. ट्यूब हातात द्यायची असेल तर जुनी, निर्वात गेलेली द्या, आणि बेरिलियमच्या खिडकीवर टोपी लावलेली. बेरिलियमची पूड विषारी असते.

प्रश्न : तळघरात 25 वर्षांचं बंद एक्सआरडी आहे. भंगारवाला न्यायला तयार आहे. देऊ का? (कुलसचिव कार्यालय)

तसं नाही देता येत. संशोधनासाठीची विश्लेषणाची एक्स-रे यंत्रं 2004 च्या प्रारण संरक्षण नियमांखाली अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदवावी लागतात. नोंद ई-लोरा या पोर्टलवर होते, आणि यंत्र सेवेतून काढणं किंवा दुसऱ्याला देणंही तिथेच कळवायचं असतं. नोंदच सापडत नसेल तर आधी मंडळाशी पत्रव्यवहार करा.

यंत्रात किरणोत्सार उरलेला नाही, पण यंत्र पुन्हा चालू होता कामा नये. हाय व्होल्टेज केबल कापा, तीही कपॅसिटर डिस्चार्ज करून, माहितगार इलेक्ट्रिशियनकडून. मेन काढल्यावरही त्यात जीवघेणा विद्युतभार उरू शकतो. ट्यूब काढून पुरवठादाराला परत द्या, फोडू नका : आत निर्वात आहे, खिडकी बेरिलियमची आहे. जुन्या ट्रान्सफॉर्मरचं तेल पीसीबीचं (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल या विषारी रसायनाचं) असू शकतं, ते तपासून घातक कचरा म्हणून जायला हवं. शिशाचे पत्रे वेगळे काढून त्यांची वेगळी पावती घ्या. प्रारणाचं त्रिदल चिन्ह खरवडून किंवा रंगवून घालवा, नाही तर भंगाराच्या गोदामातून घाबरलेला फोन तुम्हालाच येईल.